ॲल्विनशी भांडण

इनेझ तुस्कानो नक्की काय काम करते, हे मुंबईजवळच्या सांडोर गावात कुणालाच धड सांगता आलं नसतं. "कंप्युटरमध्ये आहे," एवढं लोकांना पुरत असे. चाळिशी ओलांडलेली, लग्न न केलेली, आईबरोबर राहणारी, चर्चमध्ये रविवारच्या पहिल्या मिस्साला डावीकडच्या बाकावर बसणारी बाई. घर दुमजली. खाली आई फेलिशिया, वर इनेझ आणि तिचं टेबल. टेबलासमोरच्या खिडकीतून केळीची वाडी दिसायची. वडील गेल्यावर वाडी शेजाऱ्यांना कसायला दिली होती. भाऊ क्लेमेंट कॅनडात स्थायिक झाला होता.

इनेझ अंधेरीच्या एका कंपनीसाठी प्रोग्राम लिहायची. परदेशी माल पाठवणाऱ्यांना लागणारं सॉफ्टवेअर: कुठला कंटेनर कुठल्या जहाजावर, आत काय आहे, वजन किती, कागदपत्रं झाली की राहिली. हे सगळं 'ॲल्विन' नावाच्या भाषेत लिहिलेलं होतं. प्रोग्राम लिहायच्या भाषा शेकड्यांनी आहेत, त्यातली ही एक आडबाजूची. फंक्शनल जातीची, म्हणजे गणिताच्या वळणाची. तिच्यात एखाद्या गोष्टीला एकदा किंमत दिली की ती बदलत नाही. बदल हवा असेल तर जुन्यावरून नवीन बनवायचं, जुन्याला हात लावायचा नाही. कंपनी सुरू करणाऱ्यांपैकी एकाला ही भाषा फार आवडायची. तो पुढे कंपनी सोडून गेला. भाषा मागे राहिली.

इनेझचंही तिच्यावर प्रेम बसलं होतं. ॲल्विनमध्ये एकदा बरोबर लिहिलेलं बरोबरच राहतं, मागून कुणी गुपचूप बदलत नाही, असं ती नव्याने आलेल्यांना सांगायची. बोलताना ती त्याला 'तो' म्हणायची. 'भाषा' स्त्रीलिंगी असली तरी ॲल्विन हे शेवटी मुलाचंच नाव.

पण त्याच्या खोडी होत्या. पहिली नावांची. ॲल्विनला एकाच फाइलमध्ये एक नाव दोन ठिकाणी चालत नसे. मालाला वजन असतं, कंटेनरलाही वजन असतं, पण 'वजन' हा शब्द कुणा एकालाच मिळायचा. इनेझ हे समजावून सांगायची ते असं: "आमच्या गावात तीन स्टॅनी आहेत. बावखलाच्या तळ्याजवळ राहणारा, शाळेत शिकवणारा आणि उंच. कुणाचा कधी गोंधळ होतो का? कुठल्या घरचा ते बघून आपल्याला कळतं. ॲल्विन म्हणतो, गावात स्टॅनी एकच पाहिजे. बाकीच्यांनी नाव बदला." म्हणून मग 'वजन' आणि 'वजन-दोन', 'नाव' आणि 'नाव-दोन' अशी वेडीवाकडी नावं कोडभर पसरली होती.

दुसरी खोड, तो आळशी होता. ही शिवी नव्हे, त्या जातीच्या काही भाषांना तसंच म्हणतात. सांगितलेलं काम तो लगेच करत नसे, कुणी उत्तर मागेपर्यंत बाजूला ठेवून द्यायचा. त्यामुळे चूक व्हायची एकीकडे आणि उघडकीला यायची भलतीकडेच. आणि तिसरी खोड म्हणजे त्याची बोलायची पद्धत. कुठे अडलं की पानभर मजकूर तोंडावर फेकायचा, त्यात आपलं काय चुकलं हे सोडून बाकी सगळं असायचं.

सुरुवातीला या खोडींवर तोंडसुख घ्यायला सोबत होती. सातजणांचा गट होता. चहाला खाली उतरलं की ॲल्विनला शिव्या घालणं हाच विषय. मग एकेक जण गेला. बाहेरच्या जगात ॲल्विनला कुणी विचारत नव्हतं. जास्त दिवस त्याच्यात राहिलं तर आपल्यालाही कुणी विचारणार नाही, ही भीती प्रत्येकाला होती. लॉकडाऊनमध्ये ऑफिस घरी आलं ते इनेझपुरतं घरीच राहिलं. शेवटी ती आणि गॉडफ्रे दोघंच उरली.

गॉडफ्रे माणिकपूरचा. त्याने एक दिवस तिला स्टेशनजवळच्या हॉटेलात जेवायला बोलावलं, तेव्हाच तिला अंदाज आला होता.

"मी पेपर टाकला," तो म्हणाला.

"कधी?"

"सोमवारी. इनेझ, सीरियसली सांगतो, तू पण निघ. त्यांना तो कोड चालू ठेवायलाच फक्त कोणीतरी पाहिजे. उद्या दुसऱ्या भाषेत करायचं ठरलं की तुला सांगणारपण नाहीत."

"आणि तोपर्यंत कोण बघणार?"

"बघेल कोणीतरी. तुझा कोण लागतो तो?"

ती हसली. पण घरी येताना रिक्षात तिच्या लक्षात आलं, की उद्यापासून 'आज ॲल्विनने काय केलं माहितेय का' असं म्हणायला या जगात कुणी उरलं नाही.

तसा एक माणूस होता. डेन्मार्कमधल्या कुठल्याशा छोट्या गावात राहणारा, हेन्रिक नावाचा निवृत्त प्राध्यापक. ॲल्विन त्यानेच बनवला होता. भाषेचा एक फोरम होता, तिथे जगभरातले वापरणारे आपल्या अडचणी लिहायचे. जगभरातले म्हणजे शे-दोनशे. इनेझने तिथे पहिल्यांदा नावांबद्दलची तक्रार लिहिली तेव्हा दुसऱ्याच दिवशी हेन्रिकचं उत्तर आलं: "ही चूक नाही, हा निर्णय आहे." खाली चार परिच्छेद, हा निर्णय का घेतला त्याबद्दल.

इनेझने पाच परिच्छेदांचं उत्तर लिहिलं.

तिथून जे सुरू झालं ते वर्षानुवर्षं चाललं. ती सुचवायची, तो नाकारायचा. मालाचं वजन, कंटेनरचं वजन, असं ज्याचं त्याच्या नावाने सांगितलं की भाषेला कळलं पाहिजे, एवढंच तिचं म्हणणं होतं. तिने त्याचा पूर्ण आराखडा करून दिला. हेन्रिकने तो बारकाईने वाचला, त्यातली एक खरी चूक दाखवली आणि नाही म्हणाला. तिने चूक दुरुस्त करून पुन्हा दिला. तो पुन्हा नाही म्हणाला. त्याचा शब्द कधी वाकडा गेला नाही, आणि त्याने तिला कधी वाटेलाही लावलं नाही. सकाळी चहाचा कप घेऊन वर गेल्यावर ऑफिसच्या मेलच्याही आधी ती फोरम उघडायची.

एका रविवारी मिस्साहून आल्यावर आईने मासे साफ करता करता विचारलं, "हा ॲल्विन कुठला?"

"कोण ॲल्विन?"

"मला काय ऐकू येत नाय? वर बसून त्याच्याच नावाने ओरडत असतेस. 'ॲल्विन मला काही सांगतच नाही.' 'दोनदा बोलले तरी करत नाही.' त्या गॉडफ्रेला फोनवर म्हणत होतीस, एवढी वर्षं दिली याला." आईने सुरी खाली ठेवली. "मार्था म्हणते तिकडे पापडीला एक ॲल्विन हाय, बँकेतला, बायको वारलेली. तोच का? तोच असेल तर मी काय बोलणार नाय, बाय. पण रडवत असेल तर सोड त्याला."

इनेझ हसायला लागली, आणि आईचा चेहरा बघून थांबली. शेजारच्या मार्थामावशीपर्यंत गोष्ट गेली होती म्हणजे आईने कितीतरी दिवस ती मनात घोळवली होती. मनातल्या मनात तिचं त्या ॲल्विनला घरी जेवायलाही बोलावून झालं असणार.

"आई, ती भाषा आहे. प्रोग्राम लिहायची."

"भाषा?"

"हो. भाषेचं नाव ॲल्विन."

आईने सुरी उचलली. हातातला मासा पुरा साफ केला. मग म्हणाली, "मग भांडतेस कोणाशी?"

"ज्याने बनवली त्याच्याशी."

"म्हातारा हाय?"

"हो. बराच."

"एकटाच राहतो?"

इनेझला ते माहीत नव्हतं. इतक्या वर्षांत तिने विचारलंच नव्हतं.

त्यानंतर आई संध्याकाळी ती खाली आली की विचारायची, "कसा हाय ॲल्विन?" आधी थट्टेने, मग सवयीने. इनेझ पण सांगायची, आज बरा होता, आज फार छळलं. आईला त्यातलं अक्षर कळत नसे. ती ताटात वाढत ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "म्हाताऱ्याला सांग की."

ईस्टरनंतरच्या आठवड्यात आई गेली. दुपारी जेवून आडवी झाली ती उठली नाही. इनेझ वरच्या खोलीत एका चुकीचा माग काढत बसली होती. चहाची वेळ टळून गेली तरी खालून हाक आली नाही, म्हणून ती उतरली.

क्लेमेंट आला, दफन झालं, सातव्या दिवसाचा मिस्सा झाला, क्लेमेंट परत गेला. मार्थामावशी काही दिवस डबा पाठवत राहिली. मग घर शांत झालं. इनेझ काम करत होती, पण फोरमवर गेली नाही. तक्रार करायलासुद्धा अंगात थोडी ताकद लागते.

महिना उलटल्यावर हेन्रिकची खाजगी मेल आली, पहिलीच. "पुष्कळ दिवसांत तुमची तक्रार आली नाही. भाषा सुधारली म्हणून नसावं, कारण मी काहीच केलेलं नाही. सगळं ठीक आहे ना?"

स्वयंपाकघरात उभ्या उभ्या मोबाइलवर ते वाचून इनेझला हसू आलं आणि मग रडू आवरेना. तिने एका ओळीत कळवलं, की आई गेली. त्याचंही उत्तर छोटंच होतं. बायको गेल्यावर सकाळी उठून काय करायचं ते त्याला कळेना, म्हणून फोरमवरच्या प्रत्येकाला स्वतः उत्तर द्यायची सवय त्याने लावून घेतली. "तुमची पत्रं सगळ्यांत लांब असायची. तेवढा वेळ बरा जायचा," असं त्याने लिहिलं होतं. तिने आभार मानले. पुढे काय लिहावं ते तिला सुचलं नाही. पुढच्या आठवड्यात तिने आळशीपणाबद्दल एक नवी तक्रार टाकली, त्याने ती नाकारली, आणि दोघांनाही हायसं वाटलं असावं.

पावसाळा सरता सरता एक प्रकरण झालं. इनेझ एका ग्राहकासाठी वजनाचा नवा तक्ता करत होती. भरलेल्या कंटेनरचं वजन घ्यायचं तिथे तिच्या हातून 'वजन' लिहिलं गेलं, हवं होतं 'वजन-दोन'. एरवी काटेकोर असलेला ॲल्विन यावर काही बोलला नाही. दोन्ही आकडेच, त्याच्या लेखी काही चुकलेलंच नव्हतं. औषधांचा एक कंटेनर कागदावर नुसत्या मालाचं, डबा न धरता, वजन घेऊन बंदरावर गेला. तिथे काट्यावर वजन जुळेना. कंटेनर बाजूला काढला आणि जहाज निघून गेलं.

कंपनीच्या मालकांनी मीटिंग बोलावली. पडद्यावर आठ-दहा चेहरे होते, त्यातले निम्मे तिने कधी पाहिलेले नव्हते.

"मॅडम, तुमची चूक आहे असं मी म्हणत नाही," मालक म्हणाले. "पण ही लँग्वेज समजणारं तुमच्याशिवाय कोणी नाही. तुम्ही लिहिलेलं तपासणारं कोणी नाही. असं कसं चालणार?"

सगळं नव्याने, सगळ्यांना येणाऱ्या भाषेत लिहायचं ठरलं. ॲल्विन बंद.

त्या संध्याकाळी तिने फोरमवर लिहिलं. इतक्या वर्षांत लिहिलं नव्हतं असं. "तुम्ही याला निर्णय म्हणता. दोन वेगळ्या गोष्टींना एकाच नावाने हाक मारायची माणसाची साधी सवय तुम्हाला मान्य नाही, म्हणून आम्ही खोटी नावं लक्षात ठेवत बसायचं. मी परोपरीने सांगितलं. तुमच्या हट्टाने आज माझ्या हातून चूक झाली." पाठवून झाल्यावर तिला कळत होतं की हे अर्धंच खरं आहे. ती थकलेली होती, आणि दोनदा वाचायचं ते एकदाच वाचून मोकळी झाली होती. पण ते अर्धं तिने लिहिलं नाही.

हेन्रिकने उत्तर दिलं नाही. दुसऱ्या दिवशी नाही, त्या आठवड्यातही नाही. इनेझ रोज सकाळी बघायची. नंतर तिने बघणंही सोडलं. नव्या भाषेचं शिक्षण सुरू झालं होतं. नव्या गटातली मुलं चलाख आणि मनमिळाऊ होती. चूक झाली की ती भाषा लाल रेघ मारून नेमकी जागा दाखवायची. कुणी कशाबद्दल कुरकुरत नसे.

उत्तर आलं ते दिवाळी उलटून गेल्यावर, आणि फोरमवर सगळ्यांसाठी. आपण ॲल्विनचं काम नव्या लोकांकडे सोपवतो आहोत, असं हेन्रिकने लिहिलं होतं. जाता जाता त्याने एक बदल स्वतः करून ठेवला होता: एक नाव आता हव्या तितक्या ठिकाणी वापरता येणार होतं. "हा आराखडा मुंबईजवळच्या इनेझ तुस्कानो यांचा. त्या पहिल्यापासून बरोबर होत्या. मला भाषा नीटनेटकी ठेवायची होती. ती वापरणारा माणूस कधीतरी थकलेला असतो, हे मी धरलंच नाही."

इनेझने नवी आवृत्ती आपल्या जुन्या लॅपटॉपवर उतरवून घेतली. भर दुपारी खिडकीशी बसून दहा-बारा ओळींचा प्रोग्राम लिहिला, माल आणि कंटेनर, दोघांनाही नुसतं 'वजन'. चालवला. ॲल्विन काही बोलला नाही. दोन्ही आकडे एकाखाली एक, बरोबर आले. वाऱ्यावर केळीची पानं सळसळत होती, खाली वाडीत कुणीतरी घड उतरवत होतं. तिने प्रोग्राम पुन्हा चालवला. मग गॉडफ्रेला फोन लावला.

"अरे वा, झालं का शेवटी!" तो म्हणाला. "तुझं नाव आलं? भारी. पण आता कोण वापरतंय ग?"

"मी पण नाही वापरत."

"मग?"

"मग काही नाही. सांगावंसं वाटलं."

तो ऑफिसात होता, त्याला कुणीतरी हाक मारली. संध्याकाळी करतो म्हणाला. त्याच्या मनात असेलही, पण राहून गेलं.

तिने हेन्रिकला मेल लिहिली. आभार मानले आणि माफीही मागितली, चूक तिचीही होती म्हणून. त्यावर त्याच्या मुलीचं उत्तर आलं. वडिलांची नजर गेली काही महिने फार अधू झाली आहे, पडद्यावरचं त्यांना आता वाचता येत नाही. तो शेवटचा बदल त्यांनी भिंगातून एकेक ओळ बघत केला, म्हणून इतके दिवस लागले. आता ते मुलीच्या गावाजवळ वृद्धांच्या घरात राहायला आले आहेत. कागदावर मोठ्या अक्षरात कुणी काही लिहिलं तर खिडकीशी बसून वाचतात. खाली तिथला पत्ता होता.

इनेझने कागद घेतला. पण त्या माणसाला लिहायचं काय? त्याच्याशी ती आयुष्यात दुसऱ्या कशावरही बोलली नव्हती. इकडे थंडी पडली आहे? वाडीत केळी लागली आहेत? त्याला त्याचं काय. दोन कागद फाडून झाले. नाताळ जवळ आला होता, माणिकपूरच्या दुकानांतून कार्डं टांगलेली होती. तिने एक साधं कार्ड घेतलं, आत ठळक अक्षरांत सणाच्या शुभेच्छा आणि 'इनेझ' एवढंच लिहिलं आणि पोस्टात टाकलं.

जानेवारी गेला, फेब्रुवारीही निम्मा गेला. पत्र येणार असेल तर पोस्टमन फाटकाशी थांबेल, म्हणून दुपारी फाटकाचा आवाज आला की ती खिडकीतून वाकून बघायची. वाडीतली माणसं असायची, नाहीतर गॅसवाला. एकदा असंच बघून ती परत खुर्चीत बसली आणि तिला आठवलं, पाकिटावर आपण आपला पत्ताच टाकला नव्हता. जन्मभर सगळं मेलवर, पत्ता घालायची सवयच नाही. त्या म्हाताऱ्याने कार्ड वाचलं असेल, उत्तर द्यावंसं वाटलंही असेल. पण मुलीला जुनी मेल शोधायला सांगायचं त्याला सुचलं असेल का?

दुसऱ्या दिवशी तिने अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकली. जाड निबाचं पेन घेऊन बसली. या वेळी लिहायला अडलं नाही. नव्या भाषेबद्दल लिहिलं. ती फार गुणी आहे, चूक झाली की लगेच सांगते, पण तिच्यात एकदा दिलेली किंमत कुणीही, कुठूनही बदलू शकतं, आणि परवा त्यापायी आमचा अख्खा दिवस गेला. हे ज्यांनी बनवलं त्यांनी जरासा विचार करायला नको होता का? अक्षर मोठं काढल्यामुळे सहा पानं भरली. शेवटी वेगळ्या ओळीवर तिने लिहिलं: "तुम्ही तिकडे जेवता ना नीट?" पत्ता तिने आत घातला, पाकिटाच्या मागे घातला, आणि रिक्षाने माणिकपूरला जाऊन पत्र स्वतः पोस्टाच्या खिडकीवर दिलं.

"रजिस्टर करू का?" आतल्या बाईंनी विचारलं.

"करा," इनेझ म्हणाली.

पत्र पोचल्याची नोंद तिला मोबाइलवर दिसली, त्याला आता बरेच आठवडे झाले. उत्तर अजून आलेलं नाही.